भिंतीवरची नोंदवही

जानेफळ, ता. १७ जानेवारी १९३४

ती. नीळकंठदादांस,
चारूचा नमस्कार.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्यात बढाई फार झाली. दुसऱ्यात नम्रता इतकी झाली की सांगायचं तेच राहिलं. आता जे आहे ते सरळ लिहिते.

दादा, कपाशीच्या बोंडातली शेंदरी अळी हिवाळाभर कुठे झोपते ते सापडलं आहे! सरकीत. तीही जुळ्या सरकीत. कापसातून सरकी काढली की काही बिया एकीला एक चिकटलेल्या निघतात, त्या. बाबांच्या भिंगाखाली मी त्या फोडल्या. अळी दोन बिया रेशमानं एकमेकींना शिवून घेते आणि मध्ये अंग आखडून पडते. टोचलं तर हळूच हलते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळले, आणि आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली.

नुसतं पाहिलं नाही, मोजलंही. जुळ्या सरक्या काढून टाकून ज्या शेतात पेरणी होते, तिथली शंभर बोंडं घेतली. नऊ किडकी. शेजारच्या कडूबांच्या शेतातली शंभर घेतली. चौतीस किडकी. दोन्ही शेतांची माती एकच, बांध एकच. तीनदा मोजलं. एकदा दहा निघाली होती, पण एक बोंड मी दोनदा धरलं होतं.

परदेशच्या पुस्तकांत हे कदाचित आधीच लिहिलेलं असेल. पण आपल्या वऱ्हाडात कोणी मोजलं आहे का? तुम्ही नागपूरला कीटकाभ्यास मंडळात साहाय्यक आहात, म्हणून परक्याला विचारण्याआधी घरच्या माणसाला विचारते. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शाळेत गेले ती फक्त बाबांचा डबा पोचवायला. जे काही शिकले ते ओसरीवर, त्यांच्यासमोर. अशा माणसाचं टिपण मंडळ वाचतं का? वाचत नसेल तर स्पष्ट कळवा, मी रडणार नाही. (रडले तरी तुम्हाला कळणार नाही.)

सोबत माझं टिपण आणि पत्र्याच्या डब्यात दोनशे जुळ्या सरक्या पाठवते आहे. म्हशीला घालू नयेत.

आपली,
चारू

•

नागपूर, ता. ९ फेब्रुवारी १९३४

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंडळाच्या पायऱ्यांवर उभ्यानंच वाचलं आणि तसाच वर धावलो. दहा सरक्या फोडल्या. आठांत अळी! आमचे चिटणीस इंद्रभानजी चष्मा पुसून पुसून बघत होते. ते कोणाच्या कामाला मान डोलावतात असं गेल्या चार वर्षांत कोणी पाहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी डोलावली. म्हणाले, मिसर देशाच्या अहवालांत असं आहे खरं, पण आपल्या मुलखाचे आकडे आजवर कोणाकडेच नव्हते.

टिपण दाखल करून घेतलं आहे. जूनच्या अखेरच्या बैठकीत ते वाचायचं ठरलं आहे! काकांना सांग, त्यांच्या ओसरीवरचा अभ्यास नागपुरात पोचला. नावाची, अर्जाची, नियमांची काळजी तू करू नकोस. ते मी पाहून घेतो.

एकच गोष्ट. इंद्रभानजींनी विचारलं, ‘इतक्या सरकीतून जुळीच फोडून पाहावी हे सुचलं कसं?’ चार ओळींत लिहून पाठव.

डबा माझ्या टेबलावर सुरक्षित आहे. आसपास म्हैस नाही.

तुझा,
नीळकंठदादा

•

जानेफळ, ता. २ मार्च १९३४

ती. दादांस,
नमस्कार.

तुमच्या एका प्रश्नानं माझं जेवण उडालं. चार ओळी मागितल्या होत्या, पण चार ओळींत खरं मावत नाही.

मला काहीच सुचलं नव्हतं, दादा. मी तुम्हाला ‘सापडलं आहे’ असं लिहिलं आणि कोणाला ते गाळलं.

झालं ते असं. मार्गशीर्षात मी तानुबाईंच्या अंगणात गेले होते. आपल्या घरामागच्या शेताच्या तानुबाई, तुम्हाला लहानपणी बोरं द्यायच्या त्या. पेरणीची सरकी त्या जिनाच्या गिरणीतून आणत नाहीत. घरीच लाकडी चरखीवर काढतात. सूप पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि जुळी दिसली की उचलून बाजूला टाकत होत्या.

मी विचारलं, “मावशी, चांगली सरकी का टाकता?”

“चांगली कुठची वं? जुळी हाय ते. जुळी पेरली का घरात वाटण्या होतात. माह्या सासूनं मले सांगतलं, तिले तिच्या सासूनं.”

“पण कडूबाकाकांकडे तर पेरतात.”

“म्हनूनच तं तिघं भाऊ तीन चुलींवर जेवून राह्यले!”

मी हसले. हसत हसतच एक जुळी सरकी पदराला बांधून घरी आणली, भिंगाखाली फोडली आणि माझं हसू बंद झालं. पण नागपूरच्या विद्वानांना ‘वाटण्या होतात म्हणून’ असं कसं लिहायचं? मला लाज वाटली. मग मी असं लिहिलं की जणू माझीच बुद्धी तिथपर्यंत चालत गेली.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी धावतच तानुबाईंकडे गेले. म्हटलं, तुमचं नाव मी नागपूरला कळवणार. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“माह्यं नाव काऊन? मी तं निस्ती फेकत होती. पाहेलं ते झुंबरीनं. लिहाचं असन तं तिचं लिही.”

झुंबरबाई म्हणजे महारवाड्यातल्या. वेचणीला तानुबाईंच्या शेतात असतात. घरात ठेवू नये म्हणून ही जुळी सरकी गावच्या बायका बांधाबाहेर टाकतात, आणि झुंबरबाई ती आपल्या बकरीसाठी गोळा करून गाडग्यात भरून ठेवतात. मी त्यांच्या दारात गेले. आयुष्यात पहिल्यांदा गेले, दादा. आमच्या ओसरीपासून दोनशे पावलं आहेत. मोजली.

त्या म्हणाल्या, “तुमी जे फेकता ना बाई, ते माह्या गाडग्यात जित्तं होते. चैत लागला का गाडग्यातून पाकोळ्या निंघतात. बारीक, मातकट. दिव्यावर येतात म्हनून मी गाडग्याच्या तोंडाले फडकं बांधतो.”

“किती वर्षं पाहता आहात?”

“सून होऊन आली तवापासून.”

“मग कोणाला सांगितलं का नाही?”

“कोनं इचारलं?”

तेव्हा माझी विनंती अशी. टिपणावर तुम्ही माझं नाव घातलं असेल, ते खोडा. निरीक्षक म्हणून पहिलं नाव झुंबरबाईंचं, मग तानुबाईंचं. लिहिण्याचं आणि बोंडं मोजण्याचं काम माझं, तेवढंच माझ्या नावावर ठेवा. तसं होणार नसेल तर टिपण परत घ्या. ते वाचलं जावं असं मला फार फार वाटतं, तरीही.

आपली,
चारू

•

नागपूर, ता. १२ मार्च १९३४

चि. चारूस,

तुझं नाव खोडायला मी दाखल-वही उघडली आणि शरमेनं मिटली. तुझं नाव तिथं नाहीच. माझं आहे.

रागावण्याआधी ऐक. (ऐकून रागावलीस तरी चालेल.) दाखल फक्त सभासदांचं टिपण होतं. तुला सभासद करायला अर्ज आणला, तर अर्जावर ‘श्रीयुत’ हे छापलेलंच. बायकांना मज्जाव असा नियम कुठे नाही. फक्त अर्ज छापताना कोणाच्या मनातच आल्या नाहीत. मला वाटलं, विचारायला गेलो तर सगळंच अडेल. म्हणून माझं नाव लिहिलं, आणि जूनमध्ये वाचताना तुझा उल्लेख करीन असं मनाला सांगितलं. मन काय, लगेच पटलं त्याला.

मग तुझं पत्र आलं. ज्या बाईच्या दारात कधी गेली नव्हतीस तिला तू पहिली जागा दिलीस. मी माझ्या बहिणीला तळटीप देणार होतो.

काल इंद्रभानजींपुढे सगळं सांगितलं. त्यांनी नियमावली माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, “तुम्ही खोटं दाखल केलंत, त्याचं काय करायचं ते मी नंतर पाहतो. आधी शास्त्राचं. नियम सातवा वाचा.”

मी वाचला. निरीक्षणाची नोंद निरीक्षकानं स्वतःच्या हातानं, रोजच्या रोज केलेली असावी.

“यात पुरुष, बाई, जात, परीक्षा यांतलं काही आहे?”

“नाही.”

“नाही ना? मग पाकोळ्या कधी निघतात, किती निघतात, याची त्या बाईच्या हातची रोजची नोंद आणा. मी तिचं नाव पहिलं लिहितो. नाही आणलीत तर टिपण रद्द. तुमचंही नाही, कोणाचंच नाही.”

चारू, त्यांना ठाऊक होतं की झुंबरबाईंना लिहिता येत नसणार. मलाही ठाऊक आहे. हा दरवाजा उघडला की भिंत दाखवली, मला कळत नाही. चैत्र चार दिवसांवर आला आहे. बघ काय करता येतं.

तुझा अपराधी,
नीळकंठ

•

जानेफळ, ता. २६ एप्रिल १९३४

ती. दादांस,
नमस्कार.

मी दोन दिवस रागावले होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मीही तेच केलं होतं, फक्त मला तुमच्या आधी प्रश्न विचारला गेला. तेव्हा तो विषय संपला.

आता ऐका! भिंतच उपयोगी पडली!

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी झुंबरबाईंकडे पाटी घेऊन गेले. अक्षरं नकोत, नुसत्या रेघा ओढा म्हटलं. त्यांनी पाटी उलटसुलट करून पाहिली.

“बाई, हे बकरी चाटून टाकीन.”

“मग कागद?”

“तो तं खाऊनच टाकीन.”

मग त्यांनीच आत नेलं. गाडगं जिथं ठेवतात त्याच्या मागची भिंत दाखवली. “इथं मी नवरात्रात देवीच्या दिवसांचे ठिपके काढतो. इथं काढू काय?”

आणि दादा, काय सुरेख नोंदवही झाली आहे ती! रोज सकाळी गेरूचा एक ठिपका. फडकं सोडून जितक्या पाकोळ्या निघाल्या तितक्या उभ्या रेघा त्या ठिपक्याखाली. काही निघालं नाही तर खाली कोरं. मी म्हटलं होतं, कोऱ्या दिवशी ठिपका नको. तर म्हणाल्या, “वा! दिवस तं झाला ना? मी तं पाहेलं ना?” बाबांना हे सांगितलं तर ते ओसरीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, शून्य लिहायचं कारण मी तुला सहा महिने समजावत होतो.

आज बेचाळीस ठिपके झाले. पहिल्या दिवसांत एकदोन रेघा, आता तीन, पाच, एकदा सात! मी रोज संध्याकाळी जाऊन माझ्या वहीत नक्कल करते. एकच दिवस खाडा झाला. घरी पाहुणे आले होते. (कशाला, ते विचारू नका. मुलानं मला फक्त स्वयंपाकाचं विचारलं.) त्या दिवसाची नक्कल दुसऱ्या दिवशी घाईनं केली.

मी परत आले की आई आधी न्हाणीघराकडे बोट दाखवते. पहिले दिवस मी निमूट न्हायले. परवा म्हटलं, “आई, पाकोळी त्यांच्या घरातून उडून आपल्या दिव्यावर येते, तिला कोण न्हाऊ घालतं?” आई रागावली. पण काल तिनं बोट दाखवलं नाही, तोंड वळवलं. मी न न्हाताच आत गेले.

इंद्रभानजींना विचारा, त्यांच्या नियमात कागद असा शब्द आहे का?

आपली,
चारू

•

नागपूर, ता. १४ मे १९३४

चि. चारूस आशीर्वाद.

नाही! कागद असा शब्द नाही! इंद्रभानजींनी सातवा नियम तीन वेळा वाचला. मग शिपायाला बोलावून जुनी प्रत आणवली, ती वाचली. तिच्यातही नाही. मी म्हटलं, “पण भिंत नागपूरला कशी आणायची?” तर आमचे म्हातारे अध्यक्ष, जे बैठकीत बहुधा झोपलेले असतात, ते डोळे न उघडताच म्हणाले, “मग आपण भिंतीकडे जाऊ.”

ठरलं आहे. अध्यक्ष आणि इंद्रभानजी दोघंही २ जूनला जानेफळला येतात. खामगावपर्यंत आगगाडी, मेहकरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. सकाळी नऊच्या सुमारास पोचतील. भिंत पाहतील, तुझी नक्कल ताडतील आणि जागच्या जागी निकाल देतील. सगळ्यांना सांग, तयारी ठेवा!

मी नसणार. माझ्या अपराधाचं काय करायचं ते इंद्रभानजींनी पाहिलं. महिनाभर वर्ध्याकडे बियाणं तपासायला पाठवलं आहे. शिक्षा योग्यच, पण ती नेमकी त्याच दिवसांत यावी! तेव्हा मला सगळं लिही. कोण काय म्हणालं, कोण कुठे बसलं, सगळं. पत्ता खाली देतो आहे.

तुझा,
नीळकंठदादा

•

जानेफळ, ता. ४ जून १९३४

ती. दादांस,
नमस्कार.

निकाल शेवटी सांगणार आहे. मला तो ज्या क्रमानं सोसावा लागला त्याच क्रमानं तुम्हीही सोसा.

‘तयारी ठेवा’ असं तुम्ही लिहिलंत आणि मी गावभर तेच सांगत सुटले. नागपूरची मोठी माणसं येणार, झुंबरबाईंच्या घरी येणार, तयारी ठेवा! माझी चूक इथं झाली.

१ तारखेला झुंबरबाई दिवसभर शेतात होत्या, अंधार पडल्यावर परतल्या, आणि घरच्या तयारीत मीही त्या संध्याकाळी नक्कल करायला गेले नाही. तानुबाईंनी चार बायका जमवल्या, पांढरी माती भिजवली आणि महारवाड्यात गेल्या. दादा, तानुबाई त्या वाटेनं आजवर कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी झुंबरबाईंचं अंगण सारवलं, दार पुसलं, आणि आतल्या भिंती छताला हात लागेपर्यंत पोतारून लख्ख केल्या. सगळ्या भिंती.

२ तारखेला सकाळी गाडी आली. पुढे अध्यक्ष, काठी टेकत. मागे इंद्रभानजी, बंद गळ्याचा कोट, एवढ्या उन्हात. बाबा, मी, आणि निम्मं गाव महारवाड्याच्या तोंडाशी. निम्मं गाव तिथंच थांबलं. अध्यक्ष थांबले नाहीत. आम्ही आत शिरलो. गाडग्यामागची भिंत दुधासारखी पांढरी होती.

इंद्रभानजी म्हणाले, “नोंद कुठे आहे?”

तानुबाई पुढे आल्या, हातांच्या रेषांत अजून पांढरी माती होती.

“मी पोतारली, साहेब. पाहुने येनार अन् भिंत अशी रेघोट्यायची? लोकं काय म्हनतीन झुंबरीले? मले काय मालूम, तुमी रेघोट्याच पाहाले येऊन राह्यले!” आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

अध्यक्ष मला म्हणाले, “मुली, तुझ्याकडे नक्कल आहे ना? सत्त्याहत्तर दिवसांची? चालेल की.”

वही माझ्या काखेत होती. ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणायला तोंड उघडलंही. पण ती वही माझ्या हातची, आणि नियम निरीक्षकाच्या हातचा. ती चालली असती तर टिपणावर माझंच नाव पहिलं आलं असतं. मी म्हटलं, “ही झुंबरबाईंच्या हातची नाही. नियमाप्रमाणे चालणार नाही.” बाबांनी डोळे मिटले. इंद्रभानजींनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

इतका वेळ झुंबरबाई दाराशी उभ्या होत्या. त्या तानुबाईंपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “रडतं काऊन वं, माय? भिंत गेली, डोये तं नाही गेले. अन् कोरी भिंत लिहाले बरी.”

त्यांनी कोनाड्यातून गेरू घेतला, वाटीत पाणी घातलं, आणि बोटानं पहिला ठिपका काढला.

“पाडवा. एक निंघाली. दुसऱ्या दिशी कोरं. मंग दोन. हा बाजार. हा बी कोरा. हे बकरी व्याली तो दिवस, सकायी पाहेलं नाही, संध्याकायी पाहेलं, तीन.”

इंद्रभानजींनी माझ्या काखेतली वही काढून घेतली आणि मला भिंतीकडे पाठ करून उभं केलं, म्हणजे मी खूण करू नये. मग कोटासकट खाली सारवलेल्या जमिनीवर बसले, वही मांडीवर उघडली आणि शिसपेन्सिलीनं एकेक ओळ ताडू लागले. अध्यक्ष बाजेवर बसले आणि झोपले नाहीत. घरात गेरूच्या बोटाच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. मला भिंत दिसत नव्हती. मी इंद्रभानजींची पेन्सिल पाहत होते. ती खाली, खाली सरकत होती. दहा. वीस. तीस दिवस.

मग ती थांबली.

“हे चुकलं,” इंद्रभानजी म्हणाले. “अडतिसाव्या दिवशी चार काढल्यात आणि एकोणचाळिसाव्याला कोरं. वहीत उलटं आहे. अडतिसावा कोरा, एकोणचाळिसाव्याला चार.”

मागून झुंबरबाईंचा आवाज आला. “नाही साहेब. माह्यं बरोबर हाय.”

“मग चूक कोणाची?”

“ते मले काय मालूम? मी तं पाहेलं ते काढून राह्यली. त्या दिशी बाई आली नव्हती. तिच्या घरी पाहुने होते.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. दादा, त्या एका क्षणात मला तो सगळा दिवस आठवला. निळं लुगडं, चहाचा ट्रे, तो मुलगा, आणि दुसऱ्या संध्याकाळी अंधार पडता पडता घाईघाईनं उतरवलेल्या दोन ओळी. वरची खाली, खालची वर. ज्या वहीत मी तीनतीनदा तपासून लिहिते, ती वही चुकली होती.

गप्प राहिले असते तर चूक झुंबरबाईंची ठरली असती.

“माझी,” मी म्हटलं. “मी त्या दिवशी आले नव्हते. दोन्ही दिवस दुसऱ्या दिवशी उतरवले आणि उलटे उतरवले. माझ्या पत्रात खाड्याचा उल्लेख आहे. नीळकंठदादांकडे पत्र असेल.”

इंद्रभानजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माझ्या वहीत त्या दोन ओळींभोवती गोल केला आणि बाजूला काहीतरी लिहिलं. वही माझ्याकडे वळवली. तिथं लिहिलं होतं: नक्कल चुकली, मूळ बरोबर.

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

झुंबरबाईंनी सत्त्याहत्तर ठिपके पूर्ण केले. उरलेल्यांत एकही फरक निघाला नाही. इंद्रभानजींनी दाखल-वही बरोबर आणली होती. तुमचं नाव खोडलं (वाईट वाटून घेऊ नका, फार सुबक खोडलं) आणि विचारलं, “पूर्ण नाव?”

पहिलं झुंबरबाई लिहिलं. दुसरं तानुबाई. तिसऱ्या ओळीत, मोजणी व लेखन, चारुलता. मग अर्ज काढले, तेच तुमचे ‘श्रीयुत’वाले. तीनही अर्जांवर त्यांनी तो शब्द स्वतः खोडला आणि तिसऱ्यावर खोडताना पुटपुटले, “नवे छापून घ्यावे लागणार.”

अर्जात ‘शिक्षण कुठे झालं’ अशी जागा आहे. मी लिहिलं, घरी, वडिलांजवळ. पुढचं झुंबरबाईंच्या भिंतीपुढे. बाबा वाचून म्हणाले, यात खाडाखोड नको.

झुंबरबाईंनी विचारलं, “सभासद होऊन मले काय करा लागन?”

“महिनाअखेर नागपूरला बैठकीला यावं लागेल,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही काय पाहिलंत ते सांगायचं.”

“बसाचं कुठं? खाली का बाहीर?”

“खुर्चीवर. माझ्या शेजारी.”

त्या म्हणाल्या, “अन् बकरीले कोन पाहीन?”

तानुबाईंनी पदरानं डोळे पुसले. “मी पाहीन. मले नाही जमत तुह्या नागपुरात बोलाले. तू सांगजो माह्यंबी, का मी फेकत होती म्हनून.”

गाडी गेल्यावर सगळ्या बायका भिंतीपुढे उभ्या राहून रेघा मोजत होत्या. शालूबाई म्हणत होत्या, त्यांच्या घरच्या तुरीतही असंच काहीतरी निघतं, त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मी वही काढली. मग वाटलं, वही नको. त्यांना गेरू दिला.

आई बाहेर आली नव्हती. संध्याकाळी तिनं फक्त विचारलं, “नागपूरला तू एकटी जाणार का?” मी म्हटलं, “झुंबरबाई आहेत बरोबर.” तिनं पिठाचा डबा पुढे ओढला. मग म्हणाली, “दोघींच्या दशम्या करून देईन.” दोघींच्या, दादा!

तुम्ही वर्ध्याहून २८ तारखेपर्यंत सुटाल ना? स्टेशनावर या. मी फार घाबरले आहे आणि मला फार आनंद झाला आहे, आणि या दोहोंत नक्की काय जास्त आहे ते मी अजून मोजलेलं नाही.

आज सकाळी भिंतीवर पुढचा ठिपका पडला आहे. खाली दोन रेघा.

आपली,
चारू